वाफेची सवय

१८ जानेवारी

ताई,

आधी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिला होता, मग खोडला. म्हटलं, तू म्हणशील एवढी साखर पेरतेय म्हणजे हिचं काहीतरी काम अडलेलं दिसतंय. काम काही नाही. तू फोन उचलत नाहीस. नवा नंबर मला देऊ नका असं शेजारच्या काकूंना बजावून गेलीस, पण पत्त्याबद्दल बजावायचं विसरलीस. काकूंनी तो मला चहाच्या पहिल्या घोटाला दिला. आता त्यांच्यावर चिडू नकोस.

हो, मी लाँड्रीतलं काम घेतलं. ज्या कारखान्याने बॉयलरवरच्या भावजींवर अपघाताचा ठपका ठेवून त्यांना घरी बसवलं, त्याच कारखान्याच्या फाटकातून मी रोज आत जाते. जाताना तू जे बोललीस ते मला पाठ आहे. “माझ्या नवऱ्याला ज्यांनी संपवलं त्यांच्याच ताटात जेवणार तू?” असं बोलून तू पिशवी उचललीस. भावजी दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा तुला उत्तर द्यायला मला सुचलं नाही, म्हणून आता देते.

मी मालकांसाठी जात नाही. त्या बायकांसाठी जाते. वाफेचा पाइप फुटला, इस्त्रीवरचे काका जागच्या जागी गेले, हे तुम्ही दोघांनी सोसलं तसं त्यांनीही सोसलं. चादरींना इस्त्री करणाऱ्या वाफेच्या रोलरच्या दोन्ही बाजूंना त्या उभ्या होत्या, ताई. एकीला अजून कुकरची शिट्टी सहन होत नाही. एक आंघोळीचं पाणी गार घेते, कारण वाफ दिसली की तिचे हात थरथरतात. एक बाई कारखान्याच्या फाटकापर्यंत येते आणि तिथून परत जाते, रोज, डबा घेऊन. यांना काय म्हणायचं, मॅनेजरशी तुमचं भांडण मिटेपर्यंत थरथरत राहा?

आमची खोली म्हणजे फाटक्या चादरींचं जुनं कोठार आहे. मांडण्या काढून गाद्या टाकल्या, खिडकीला पडदा लावला. एक भिंत शेडला लागून आहे, ती दिवसभर कोमट असते. मी बायकांच्या अंगात बसलेला धक्का काढायला त्यांच्याकडून श्वासाचं, पायांचं, पाठीचं करून घेते. माझ्या जोडीला एक वैद्य दिलेत. ते नाडी बघतात, तेल चोळतात, आणि कुठेतरी परदेशी राहून सुया टोचायला शिकून आलेत. बायका त्यांना टोचेबुवा म्हणतात, तेही तोंडावर. त्यांना ते आवडतं. गोड खायला बंदी आहे आणि खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. पहिल्या दिवशी आमची चांगलीच जुंपली, की धक्का शरीरात बसतो म्हणजे नेमका कुठे. मी म्हणाले स्नायूत आणि मज्जातंतूत, ते म्हणाले वाऱ्यात. शेवटी ठरलं की कुठे का बसेना, उठवायचा दोघांनी मिळून.

तू हे वाचून नाक मुरडलंस तरी चालेल. फक्त वाच.

तुझी,
धाकटी


५ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी उगाच गॅलरीत जाते.

काम चांगलं चाललंय, हे तुला ऐकवायची खुमखुमी आहे मला. कुकरवाली आता कुकर लावते. आम्ही काय करतो ते सांगते. तिला गादीवर निजवलं, पाय भिंतीला टेकवले आणि म्हटलं, त्या दिवशी पायांना जे करायचं होतं ते आता करू दे. ती भिंत ढकलायला लागली. आधी हळू, मग अशी जोरात की पाठीखालची गादी सरकली. नंतर सगळं अंग थरथरलं, घाम आला, आणि मग ती अशी शांत झाली की टोचेबुवांनी घाबरून नाडी बघितली. त्या दिवशी ती पळू शकली नव्हती, ट्रॉली आडवी आली होती. पळणं अंगात अडकून राहिलं होतं. ते पूर्ण झालं की शरीर मोकळं होतं. बोलून बोलून जे वर्षात झालं नसतं ते असं होतं. मग टोचेबुवा कानाला आणि मनगटाला बारीक सुया लावतात, बायका तिथेच घोरायला लागतात. बोटाला चिमटा लावायचं मशीन आहे माझ्याकडे, त्यावर काळजाचे ठोके दिसतात. आकडा खाली येताना बघितला की कुणी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं मला.

सगळ्या सुधारतायत. एक सोडून.

तिला सगळ्या हरणी म्हणतात. उंच आहे, पाय लांब. अपघाताच्या दिवशी ही एकटी वेळेवर पळाली होती. पाइप फुटायच्या आधीच ती दारापाशी पोचली होती, अंगावर ओरखडासुद्धा नाही. म्हणून हे नाव. आधी कौतुकाने म्हणत, आता त्यात थोडं विष आहे, कारण पळताना तिने कुणाला हाक मारली नाही. तिला विचारलं, तू का पळालीस? म्हणते, “मला काय माहीत मॅडम. पाय पळाले, मी त्यांच्यामागून गेले.”

आता अडचण अशी की ते पाय अजून पळतात. इतर दिवशी ठीक असते, घड्या घालते, चेष्टामस्करी करते. पण सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी, यंत्रं सुरू व्हायच्या वेळेला, ही चादर टाकून सरळ अंगणात. मग तिथे उभी राहून रडते. मॅनेजर मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही जिला बरी म्हणाल ती रोलरवर उभी राहील. जिला नाही म्हणाल तिला मी ठेवून काय करू?” हरणीची आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. तिने माझे हात धरले. “मॅडम, एवढे माझे पाय थांबवा. बाकी मला काही नको.”

टोचेबुवांनी तिची नाडी बराच वेळ धरून ठेवली आणि म्हणाले, “हिच्या अंगात अडकलेलं काहीच सापडत नाही मला. ही तर पळून मोकळी झालेली. मग आता कशापासून पळते?” मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, वारा उलटा फिरलाय. आणि खिशातली गोळी तोंडात टाकली. मला त्यांचा वारा पटत नाही, पण मलाही तसंच वाटतं. एकदा पळाल्याने जीव वाचला, तर शरीराला त्याचंच व्यसन लागतं. सोडवता येतं ते. मी सोडवणार आहे.

भावजींचे गुडघे कसे आहेत? शेक देतेस का?

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

आता आम्ही बायकांना शेडमध्ये नेतो. आधी यंत्रं बंद असताना, मग नुसते ड्रायर चालू असताना. साबणाचा वास, ओल्या कापडाचा वास, उकाडा, सगळ्याची ओळख पुन्हा करून द्यायची. ज्या जागेने मारलं त्या जागेने आता काही केलं नाही, हे शरीराला दाखवत राहायचं. मॅनेजरने फुटलेला तुकडा बदललाय, सगळ्या पाइपांना पांढरा रंग दिलाय. स्वच्छ दिसतं. काकांच्या जागी आता एक नवी मुलगी चादरी सरळ करते, तिला काका कोण हे माहीतही नाही.

काल सुट्टीनंतरची सकाळ होती. मुद्दाम तीच निवडली, कारण हरणीला तीच नडते. सगळ्यांना रोलरपासून थोडं लांब उभं केलं. बॉयलरवाल्याने वाफ सोडली. पाइपात सळसळ झाली, आणि मग भिंतीत कुणीतरी मूठ आपटावी तसा एक ठोका. मग दुसरा.

ताई, सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. कुणी कुणाकडे बघून नाही, एकदम. हरणी तर दिसलीच नाही मला, दार हलताना दिसलं. मी खोलीत परत आणून सगळ्यांना विचारलं, तर अपघाताच्या दिवशीही असाच आवाज झाला होता म्हणे. माझ्या जिवात जीव आला. म्हणजे धागा सापडला! आवाज साधा, पण त्या दिवशीच्या भीतीने त्याला बांधून ठेवलंय. गाठ सोडली की झालं.

मॅनेजरला विचारलं मी, तसं समजू नकोस. विचारलं. तो म्हणाला, पाइप गार असतात, तापताना बोलतात, जुन्या घरातलं लाकूड नाही का कुरकुरत. पटण्यासारखं आहे.

एक गंमत सांगते. आज मी तो आवाज फोनवर पकडला आणि बायकांना ऐकवायच्या आधी चिमटा स्वतःच्या बोटाला लावून बसले. म्हटलं, बघा, माझा आकडा कसा जागचा हलत नाही ते. फोनवर खरंच हलला नाही. मग हातासरशी त्यांना घेऊन शेडच्या दारात गेले. जेवणानंतर पाइप थोडे गार झाले होते आणि वाफ पुन्हा सोडत होते. ठोका पडला आणि माझा आकडा टुणकन वर! बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. टोचेबुवा सगळ्यात मोठ्याने हसले आणि माझ्याच कानाला एक सुई लावली.

मला कसली भीती? मी त्या दिवशी तिथे नव्हते. पण आमच्या धंद्यात हे होतं, दुसऱ्याची भीती हाताळता हाताळता आपल्या अंगाला लागते. शिकवताना बजावलेलं असतं. मी आता रोज स्वतःचाही श्वास करते. ठोका आठवायचा, पाय रोवायचे, गुडघे सैल सोडायचे, श्वास लांब बाहेर, डोळे सावकाश फिरवून खोली बघायची आणि मनात म्हणायचं, ‘ते होऊन गेलं.’ बायकांनाही हेच देते. सगळ्या एका सुरात म्हणतात तेव्हा शाळेत बसल्यासारखं वाटतं.

तुला एक विचारायचं होतं, पण राहू दे. पुढच्या वेळी.

धाकटी


९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. पाकीट जिन्यातच उभ्याने फोडलं, हसू नकोस. आत एकच वाक्य. “तुझी पत्रं मी न वाचता कपाटात टाकते, पाठवू नकोस.”

तोंडात मारल्यासारखं झालं. दोन दिवस मी तुझ्यावर मनसोक्त चिडले, आरशासमोर तुला चार शब्द सुनावले, तुझी उत्तरंही मीच दिली आणि त्यातही तूच जिंकलीस. मग वाटलं, न वाचताच टाकतेस तर बरंच आहे की. मला खरं लिहायला मोकळीक झाली.

तर खरं असं, की मला वाटत होतं चूक भावजींचीच असणार. मॅनेजरने मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, तुमच्या मेहुण्यांनी वाफ झटक्यात सोडली म्हणून पाइप फुटला. मी मान डोलावली. भावजी वाईट म्हणून नव्हे. माणसाचा हात चुकतो, त्यांचाही चुकला असेल, एवढंच. तू मला ताटावरून बोललीस तेव्हा मला राग आला तो त्यामुळे. मला वाटलं, तुला हे कळतंय आणि तू मुद्दाम डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंयस.

आता हरणीचं सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला नाही. ती बरी झाली. मी झाली म्हणते आहे, तर झालीच. अगदी मुळापासून काम केलं तिच्यावर. टोचेबुवा पोटऱ्यांना सुया लावत, मी तळव्यांवर हात दाबून धरत असे आणि फोनवर तो ठोका वाजवत असे. आधी हळू, मग मोठ्याने. पायांची शीर न् शीर उडायची, मग हळूहळू कमी होत गेली. मग शेडच्या दारात, मग आत. परवा शेवटची परीक्षा घेतली. तिला रोलरपाशी उभं केलं, वाफ सोडली, ठोका पडला, आणि तिला न सांगता मी मागून जोरात ओरडले, “पळ!”

ती हलली नाही. डोळे सावकाश फिरवून तिने शेड बघितली, श्वास सोडला, आणि माझ्याकडे वळून हसली. मग सगळ्याच म्हणाल्या, आम्हालाही ओरडा, आम्हालाही ओरडा. खेळच झाला. मी घसा बसेपर्यंत ‘पळा, पळा’ ओरडत होते आणि एकजण हलली तर शपथ. हरणीने मला मिठी मारली. घरी जाऊन आईला सांगते म्हणाली, तुझी लेक आता हरणी नाही राहिली. मालकांचा फोन आला अभिनंदनाचा. टोचेबुवांनी सगळ्यांना गोळ्या वाटल्या.

तरी मी खूश नाही, हे कुणाला सांगू? तो ठोका दर खेपेला मोठा होतोय. मला तसं वाटतंय की खरंच होतोय, हे मी ठरवू शकत नाही. माझं अंग अजून दचकतं. सगळ्या बायका माझ्या हाताखालून बऱ्या झाल्या आणि मी मात्र तशीच. श्वास करते, सुया लावून घेते, काही उपयोग नाही. टोचेबुवा म्हणतात थकलीस, आठवडाभर झोप काढ. कदाचित तेच असेल.

पण एक विचार मनातून जात नाही. वाफ सोडायला आता नवा माणूस आहे आणि मॅनेजर स्वतः बाजूला उभा असतो. मग ठोका तसाच कसा? भावजींना हे माहीत असेल. त्यांना विचारशील का, की वाफ सोडल्यावर भिंतीतून, रोलरच्या वर, पाइपाच्या वळणापाशी ठोके येतात ते कशाचे? नको, राहू दे. ज्या माणसाबद्दल मी हे लिहिलं त्यालाच कोणत्या तोंडाने विचारू? तसंही तू हे वाचणार नाहीस.

कारखाना रंगासाठी बंद ठेवलाय, छत आणि भिंती. उघडला की पहिल्या सकाळी सगळ्या रोलरवर उभ्या राहणार, हरणी काकांच्या जागेवर. तिने स्वतः मागून घेतली ती जागा. मी जरा उशिराच जाईन म्हणते. त्यांना आता माझी गरज नाही.

धाकटी


१७ मार्च

ताई,

अक्षर वाकडंतिकडं आहे, उजवा हात बांधलाय. फार नाही भाजला. काय झालं ते भावजींनी तुला थोडं सांगितलं असेलच, पण मलाही सांगायचंय, कारण तुम्ही दोघं इथे याल तेव्हा मला तोंडाने सांगता येणार नाही.

त्या सकाळी मी घरीच होते, चहा गाळत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. भावजींचा आवाज मी लगेच ओळखला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

“धाकटे, तुझं पत्र आत्ता मी उघडलं. ताई आंघोळीला गेलीय. तो ठोका वाफ सोडल्या सोडल्या येतो, की मागाहून?”

“लगेच. गार असतं तेव्हा.”

“वळणापाशी?”

“हो.”

“तो पाइप तिथे झोळ खाऊन खाली बसलाय. गार झाला की त्यात पाणी साचतं. वाफ त्या पाण्याला उचलते आणि वळणावर आपटते. काकांच्या वेळी तेच झालं. मी पाइप वर उचलून घ्या म्हणून ओरडत होतो, यांना थांबायला वेळ नव्हता. आधी पाणी काढून, मग वाफ हळू सोडायची, त्याला माझा वेळ जायचा ना. त्या सकाळी मॅनेजरने माझ्या हातून वाफ सोडायचं चाक घेऊन स्वतः फिरवलं. हे मी किती जणांना सांगितलं असेल.”

मला नव्हतं सांगितलं. मी विचारलंच नव्हतं.

“कारखाना आता चालू आहे ना रोज?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “रंगासाठी बंद होता. आज उघडतोय.”

भावजी अगदी हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे पाइप पाण्याने भरलेला असेल. माणसं बाहेर काढ. आधी माणसं, मग मॅनेजरशी बोल. जा.”

मॅनेजर फोन घेईना. बायकांचे फोन कपड्यांच्या खणात कुलूपबंद असतात. गाडी कशी चालवली मला आठवत नाही. शेडच्या दारात पोचले तेव्हा नवा रंग चकाकत होता, त्याचा वास येत होता, आणि वाफ सोडलेली होती. पहिला ठोका मी दारातच ऐकला. पायाखालची जमीन हलली त्याने.

मी ओरडले. “पळा! बाहेर पळा सगळ्या!”

घड्यांच्या टेबलाशी नव्या मुली होत्या, काकांनंतर कामाला लागलेल्या. त्यांच्यावर मी कधी काम केलं नव्हतं, त्यांना काही झालंच नव्हतं म्हणून. त्या हातातलं टाकून माझ्या अंगावरूनच बाहेर धावल्या. एकीने मला ढकलून भिंतीवर आपटलं. त्यातल्या एकीलाही खरचटलं नाही.

आणि माझ्या बायका उभ्या राहिल्या, ताई.

सगळ्याजणी. दुसरा ठोका पडला. त्यांनी पाय रोवले, गुडघे सैल सोडले. कुकरवालीने छातीवर हात ठेवला. ओठ हलताना दिसत होते मला, ‘ते होऊन गेलं, ते होऊन गेलं.’ मी ओरडत होते, “ही परीक्षा नाही! खरंच पळा!” तर एकदोघी माझ्याकडे बघून हसल्या. मॅडम आज जरा जास्तच छान करतायत, असं ते हसू होतं. मी आत धावले, कुकरवालीला धरून ओढलं, दुसरीला ढकललं. माझा चेहरा जवळून बघितल्यावर त्यांना कळलं आणि त्या निघाल्या. रोलरच्या पलीकडे हरणी होती. माझ्यापासून चार पावलं असेल. तिसरा ठोका पडला आणि वळण सुटलं.

पांढरं झालं सगळं. वाफेचा आवाज असा असतो की त्यात माणसाचा आवाज ऐकूच येत नाही. मी हात घातला आणि तिचा दंड लागला, त्याला धरून मागे ओढत राहिले. टोचेबुवा कुठून आले कोण जाणे, त्यांनी ओल्या चादरी आमच्या अंगावर टाकल्या. म्हातारा माणूस, रडत होता आणि चादरी टाकत होता.

हरणी इस्पितळात आहे. पाठ, मान आणि दोन्ही हात पार भाजून गेलेत. डॉक्टर माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघतात, यावरून काय ते समज.

आता पुढचं. चौकशीसाठी माणसं आली होती. मी सगळं सांगितलं. पाइपाचं, ठोक्याचं, फोनवर पकडलेला आवाज दिला. चाक मॅनेजरने फिरवलं होतं हे भावजी सांगतील, त्यांना घेऊन ये. यावेळी ऐकावं लागेल त्यांना. आणि बायकांचं मी काय केलं तेही सांगितलं. अधिकाऱ्याला ते समजेना. म्हणाला, “बाई, तुम्ही उपचार करत होता ना, मग तुमचा यात काय संबंध?” त्याला दोनदा समजावलं. त्याने लिहून घेतलं नाही.

काल इस्पितळाच्या जिन्यात मॅनेजर भेटला. मला वाटलं तोंड लपवेल. तो उलट जवळ आला. म्हणाला, “मॅडम, आपल्याकडे दुसरी शेड आहे, काम थांबवून चालणार नाही. पण त्या नव्या पोरी फार बिथरल्यात हो. दारातच उभ्या राहतात, आत पाऊल टाकत नाहीत. तुमचा हात बरा झाला की त्यांचं सुरू करा. तुमच्या जुन्या बॅचचा केवढा छान रिझल्ट होता.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, “त्या मुलींना काही झालेलं नाही. त्यांच्या अंगाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्या जवळ कुणी गेलं तर मी पोलीस बोलावीन.” तो माझ्याकडे दयेने बघत राहिला. “तुम्हालाही धक्का बसलाय मॅडम,” म्हणाला. “त्या वैद्यांना मी विचारतो. नाहीतर दुसरं कुणीतरी मिळेल. आजकाल बरेच जण करतात हे.”

मिळेल, ताई. म्हणून लवकर या. मी एकटी पुरी पडणार नाही.

त्यानंतर मी वर हरणीकडे गेले. तिची आई खाटेवरून उठू शकत नाही, त्यामुळे तिच्यापाशी कुणीच नव्हतं. चेहरा तेवढा उघडा होता. मला वाटलं झोपलीय, तर तिने डोळे उघडले. मी तिची माफी मागणार होते. जिना चढताना शब्द जुळवून ठेवले होते. तिनेच आधी बोलायला सुरुवात केली, मला वाकून कान तिच्या ओठांपाशी न्यावा लागला.

“मॅडम, तुम्ही बघितलंत ना? पाय हलले नाहीत माझे.”

मी मानेने हो म्हटलं.

“सगळ्या ओरडत होत्या. तुम्हीसुद्धा. तरी नाही हलले.” दम घेऊन तिने विचारलं, “आता मला काढणार नाहीत ना?”

तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. शाबासकीची वाट बघत होती ती, ताई. मी म्हणाले, “नाही काढणार.” आणि तिच्या कपाळावर हात ठेवला, कारण हात ठेवायला तेवढीच जागा उरली होती.

तुझी,
धाकटी